आत बायाच जातात

२१ डिसेंबर

मॅडमनं सांगतलं, राग आला का हात उचलाचा नाई, वही उचलाची. म्हणून ही वही.

मॅडम म्हणजे समुपदेशन केंद्रातल्या. माह्या बायकोनं, सुरभीनं, तिथं जाऊन माही तक्रार केली अन् पोरीले, खुशीले, घेऊन दिवाळीपासून आष्टीले माहेरी जाऊन बसली. एका थापडीसाठी! बरं, दोन असतीन. दाराची चौकट लागून तिचं कपाळ फुटलं, तं तेही माह्याच नावावर लिहून दिलं. मॅडम म्हणे, "रोशनभाऊ, लिहीत जा. कोणाले दाखवू नका, फक्त स्वतःशी खोटं बोलू नका." मी काऊन खोटं बोलू? मी जे करतो ते चारचौघात करतो.

आज लिहाचं कारण दुसरंच हाये. माही बहीण समीक्षा, एकुलती एक, तिचं आज जाम गावाले डोहाळजेवण होतं. चौरस्त्याजवळ तिचं सासर हाये. जवाई धनंजय तिथंच ट्रकच्या टायर-पंक्चरचं दुकान चालवते. पहिलं बाळंतपण माहेरचं असते, म्हणजे माहं. बाप गेल्यापासून नालवाडी गावामागची भाजीची वाडी मीच पाहतो, मायले मीच पोसतो. ओटी भरून झाली, मी तिले घरी आणाले निघालो, तं तिचा सासरा अण्णाजी, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, हात जोडून म्हणते, "रोशन बेटा, खर्चाचं टेन्शन घेऊ नको. सरकारीतच न्या. आमचं काई म्हणणं नाई."

सगळ्या पाहुण्यांसमोर! म्हणजे माही ऐपत नाई, असंच ना? गोड बोलून बुढ्यानं माह्या कानाखाली जाळ काढला. मी हासलो. हासत हासत म्हटलं, "अण्णाजी, माही बहीण सेमी-प्रायव्हेटमधे बाळंत होईन. तुम्ही फक्त पेढे खायले या."

भाड्याच्या गाडीत समीक्षा मागं मायजवळ बसली होती. सारा रस्ता तिनं मायचा हात धरून ठेवला. घरी आल्यावर अंगणातल्या बादलीले लाथ मारली, ते चिरली. बादली होती, माणूस नव्हता. मॅडमले चालन.

२४ डिसेंबर

दोन्ही दवाखाने पाहून आलो.

पहिले बायपासवरचा ट्रस्टचा. काय थाट राजेहो! फरशीत तोंड दिसते. काउंटरवरच्या पोरीनं जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट असं हॉटेलातल्या थाळीवानी सांगतलं. सेमीत एका खोलीत दोन खाटा, मधात पडदा, आत संडास, अन् नातेवाईकाले बसाले लांब बाक. नॉर्मल झालं तं पंचवीस हजार, सिझर झालं तं दुपटीच्या वर, औषधं अन् लेकराचा डॉक्टर अलग. मी म्हटलं, "माणसं येऊ शकतात ना आत?" तं म्हणे, "हो सर, चोवीस तास." सर म्हणाली मले. मी तिथंच ठरवलं.

माय मागं लागली होती म्हणून सरकारीतही गेलो. फुकट हाये, वरून बाईच्या खात्यात पैसे येतात, सगळं खरं. पण वॉर्डाच्या दरवाज्यावर एक गार्ड उभा. मी आत जाऊ लागलो तं त्यानं छातीले हात लावला. "भाऊ, आत बायाच जातात. पेशंटसंग एक बाई, बस."

"माह्या बहिणीचं बाळंतपण हाये, मी पाहू नको का खाट कशी हाये?"

"नवऱ्यालेही नाई सोडत, तुम्ही तं भाऊ हा."

छातीले हात! मी त्याचा हात असा पिरगाळला का गडी पायाच्या बोटावर उभा झाला. दोघाचौघांनी सोडवलं. मी सोडून देल्लं, कारण तसं आपलं काम झालं होतं.

घरी येऊन सगळं सांगतलं. समीक्षा ऐकत होती. तिनं विचारलं, "एकही माणूस आत नाई जाऊ देत?"

"एकही नाई."

"नवराही नाई? भाऊही नाई? भांडण केलं तरी नाई?"

"अवो नाई म्हणतो ना!"

भेली बिचारी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवाले गेलो तं तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, "त्या नरकात तुले मी जाऊच देत नाई." भावानं अजून काय म्हणाव?

३ जानेवारी

आज डोकं सटकलं. वही घ्याच्या पहिलेच सटकलं, मी काय करू?

दुपारी समीक्षा बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती. मी पाणी वळवून आलो. ते म्हणे, "दादा, मले सरकारीतच जाचं हाये."

"पैशाची फिकर तू नको करू."

"पैशाचं नाई दादा."

"मंग कायचं? सेमीत काय खराबी हाये? पंखा हाये, पडदा हाये. मी दिवसभर तिथं बाकावर बसीन. तुले पाणी पाजीन. कोणी नर्स उलटं बोलली तं पाहून घेईन."

"म्हणूनच तं नको," ते बोलली अन् पदर तोंडात धरून उठली.

माहं बोलणं झालं नव्हतं. मोठा भाऊ बोलून राह्यला अन् ही उठून चालली. मी दंडाले धरून तिले खाली बसवलं. जोरात बसली ते, बाज वाजली, शेंगा सांडल्या. मारलं नाई. लिहून ठेवतो, मारलं नाई. माय धावत आली अन् दोघांच्या मधात उभी राह्यली, जसा काई मी कसाई हावो. "पोटुशी हाये रे ते, पोटुशी हाये!" म्हणे. मले समजत नाई का?

मंग मी विळा घेऊन वाडीत गेलो. फुलकोबीची एक ओळच्या ओळ उभी कापली. गड्डे बजाराले तयार होते. कापता कापता हात भरून आले तवा थांबलो. परत आलो तं समीक्षा शेंगा वेचून राह्यली होती, एका हातानं.

४ जानेवारी

सेमी-प्रायव्हेटचं आगाऊ भरून आलो. सुरभीची शिलाई मशीन विकली. पडूनच होती ना ते.

माय म्हणे, "तिची हाये ते रोशन. ब्लाऊज शिवून शिवून घेतली तिनं." मी म्हटलं, मायबाई, ते या घरची सून हाये, मशीनही या घरची. आता नणदेच्या कामी आली तं पुण्यच हाये तिले. मायनं लगेच चुगली केली असन, कारण संध्याकाळच्या आत सुरभीचा फोन आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी तयारीतच होतो, बोंबलली का तसाच सुनावतो. पण ते बोंबलली नाई. "विकली काय? बरं," म्हणे. मंग विचारते, "समीक्षा बरी हाये ना? तिच्या हातात फोन द्या."

देल्ला. समीक्षा फोन घेऊन विहिरीकडे गेली. लय वेळ बोलल्या. नणंद-भावजयीचं जमून राह्यलं, चांगलंच हाये. सुरभी आता येईनच घरी, तिचाही राग उतरला दिसते.

५ जानेवारी

आज रविवार. धनंजय आलता, संत्री घेऊन. जवायाले मी लिंबाखाली खुर्ची टाकून देल्ली. समीक्षा त्याच्याजवळ बसली. दोघं हळूहळू बोलून राह्यले होते. मी गेलो का चूप. मी वळलो का सुरू. माह्याच घरी!

जातानी धनंजय म्हणे, "रोशनभाऊ, तिचं म्हणणं एकदा शांतपणे ऐका ना."

"जवाईबापू, तुम्ही पाहुणे हा. चहा घ्या अन् निघा."

त्यानं चहा घेतला नाई. माह्याकडे पाहत पाहत गाडीले किक मारली. त्याची नजर मले पटली नाई.

७ जानेवारी

आता समजलं सगळं.

सकाळी माय समीक्षाच्या अंगाले तेल लावून राह्यली होती. मी दारात गेलो तं तिचा दंड दिसला. त्याच्यावर बोटं उमटेल होते, निळे, कडेनं पिवळे. चार बोटं अन् पलीकडून अंगठा. मी विचारलं, "हे कोण केलं?"

समीक्षानं पदर ओढला. "कुठं लागलं असन."

"बोटं हायेत ते! कोणाचे हायेत?"

माय माह्याकडे पाहतच राह्यली, तेलाची वाटी हातात घेऊन. तिलेही समजलं असन कोणाचं काम हाये. परवा तं बसला होता तो लिंबाखाली, तिच्या बाजूले! म्हणूनच ते सेमीले नाई म्हणून राह्यली, म्हणूनच चूप चूप राहते. नवरा मारते अन् पोरगी सांगाले लाजते.

मी मोटरसायकल काढली अन् थेट जामले गेलो. धनंजय ट्रकच्या खाली वाकून चाक खोलून राह्यला होता. मी त्याची कॉलर धरून बाहेर वढला. "माह्या बहिणीले हात लावतं?"

"कोणी? मी? भाऊ, काय बोलून राह्यले?"

टायर उचकटाची लोखंडी टॉमी तिथंच पडली होती. पहिली त्याच्या पाठीवर देल्ली. दुसरी देतानी त्यानं हात मधात घातला, तं मनगटावर बसली. आवाज आला, वाळलेली काडी मोडते तसा. तो खाली बसला. तोंड पांढरं पडलं. तरी मी दोन लाथा घातल्या. ट्रकवाले धावले, मले मागून धरलं. अण्णाजी घरातून पळत आले, पायात चप्पल नाई, हात जोडून म्हणे, "बेटा, काय चुकलं आमचं? सांग तं."

धनंजयनं उलटा हात उचलला नाई माह्यावर. मर्द असता तं उचलला असता. मनगट छातीशी धरून एकच बोलला, "मी नाई केलं भाऊ. तिले विचारा. ते तुमच्या घरी हाये म्हणून मी पोलिसात जाऊन नाई राह्यलो."

भेला. घरी येईस्तोवर मन कसं हलकं झालं. लय दिवसांनी पोटभर जेवलो.

८ जानेवारी

समीक्षाले सांगतलं, तुह्या नवऱ्याचं मनगट मोडून आलो, आता तो तुले बोट लावणार नाई.

मले वाटलं रडन, गळ्यात पडन. ते उठली, मोरीपाशी गेली अन् ओकली. परत येऊन विचारते, "जास्त लागलं का त्यायले?"

"तुले त्याचीच पडली का अजून?"

"दादा, तो दंड…" एवढं बोलून थांबली. माय स्वयंपाकघरातून मान हलवून राह्यली होती तिले, नको, नको.

"काय दंड?"

"काई नाई."

तवापासून ते आपल्या खोलीची कडी आतून लावते. बरं हाये. निवांत झोप लागत असन बिचारीले. आता तिले कोणाचं भेव नाई.

१६ जानेवारी

ट्रस्टच्या दवाखान्यात तपासाले नेलं. डॉक्टरीणबाई चांगली होती. बीपी वाढलं म्हणे. मीठ कमी करा, डोकं दुखलं नाईतर डोळ्यासमोर अंधारी आली तं एक मिनिट थांबू नका, तसेच घेऊन या. अन् घरात शांतता पाहिजे म्हणे.

मंग समीक्षाले विचारते, "घरी काही त्रास आहे का?" समीक्षानं माह्याकडे पाह्यलं. म्हणे, "नाई."

मी म्हटलं, नाई कशी? मी सांगतलं सगळं, नवरा कसा मारते, मी कसा धडा शिकवला. डॉक्टरीणबाई चष्म्यातून माह्याकडे पाहत राह्यली. म्हणे, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? मला यांच्याशी बोलायचं आहे."

"मी पैसे भरले हायेत मॅडम. मी इथंच बसतो."

टेबलावर हात आपटला तं तिचा पेनाचा डबा उलटला. मंग तिनं जास्त विचारलं नाई. पैसे भरले का असा फायदा असते, कोणी आपल्याले बाहेर काढू शकत नाई. येतानी समीक्षाले तेच समजावलं. ते खिडकीबाहेर पाहत होती.

२२ जानेवारी

बजारात अडत्यानं कोथिंबिरीच्या, आपल्या सांबाराच्या, जुड्या पायानं सरकवल्या. आमच्या हातचा माल अन् पायानं! डोकं आपटलं त्याच्या नाकावर. रक्ताची धार लागली, सांबारावर पडली. आता दुसरा अडत्या पाहा लागन. मॅडमच्या केंद्रात आज जाचं होतं, गेलो नाई. जाऊन काय सांगू?

६ फेब्रुवारी

आज घरात हासणं ऐकू आलं. समीक्षा फोनवर बोलून राह्यली होती. इतके दिवस मेल्यासारखी होती अन् आज हासली. मी विचारलं, "कोणाशी बोलून राह्यली?" तिचं हासणं तिथंच गेलं. म्हणे मैत्रीण होती.

पाय सुजले हायेत तिचे. चेहराही. मायनं लेकरासाठी जुन्या लुगड्याचे दुपटे शिवून ठेवले. मी गाडीवाल्याले सांगून ठेवलं, फोन केला का दहा मिनिटात पाहिजे, थेट बायपासले. बाकावर बसाले मी घरची सतरंजीही धुवून घेतली. मामा होणार हावो मी.

१२ फेब्रुवारी

उजव्या हाताले टाके हायेत. डाव्यानं लिहून राह्यलो. परवापासून ठाण्यात होतो. आज शेजारच्या डोमाजीनं जमानत घेतली तवा सुटलो. आता सगळं लिहितो, खोटं न बोलता.

परवा दुपारी बजारातून आलो तं घराले कुलूप. समीक्षा नाई, माय नाई. शेजारची आनंदाबाई कुंपणावरून म्हणे, "मायलेकी ऑटोनं गेल्या ना. पोरीचं डोकं लय दुखत होतं. पिशव्या होत्या संग."

माह्या गाडीवाल्याले फोन नाई केला. मले फोन नाई केला. मी मोटरसायकल तशीच बायपासले घातली. काउंटरवरची पोरगी म्हणे, त्या इथं आल्याच नाहीत. मले पटलं नाई. मी आत घुसलो. एक एक खोली उघडून पडदे वढत गेलो. तिसऱ्या खोलीत कोणाची तरी बाळंतीण लेकराले पाजत होती, ते किंचाळली, लेकरू किंचाळलं, तिचा नवरा माह्या अंगावर आला. त्याले भिंतीवर ढकललं. मंग त्यायच्या माणसांनी मले पायरीवरून खाली टाकलं. एवढे पैसे भरून!

मंग डोक्शात आलं, धनंजय. पळवून नेली त्यानं. जामले गेलो तं दुकान बंद. हवेचं कॉम्प्रेसर बाहेर होतं, त्याच्यावर दगड घातला, घालतच राह्यलो, पत्रा दबून आत गेला तरी. अण्णाजी आले. "रोशन बेटा, ते सरकारीत भरती झाली. बीपी वाढलं. धनंजय तिथंच गेला. तू घरी जा बेटा, तिथं नको जाऊ, पाया पडतो."

मले अडवतं? मी त्यायले बाजूले केलं. पडले ते. म्हातारं माणूस, थोड्या धक्क्यानंही पडते.

सरकारीत पोहोचलो तं वॉर्डाच्या दरवाज्याबाहेर धनंजय जमिनीवर बसेल होता. मनगटाले प्लास्टर, मांडीवर दुपट्याची पिशवी. बाजूले माही माय, भिंतीले टेकून. मले पाहून मायनं तोंड झाकलं. मी धनंजयले म्हटलं, "बायको आत मरून राह्यली अन् तू इथं बसतं? हिंमत नाई का आत जायची?"

"भाऊ, आत बायाच जातात," तो म्हणे. "मी वाट पाहतो."

"मंग माय इथं काऊन? तिच्यासंग कोण हाये आत?"

दरवाज्याले काच होती. मी गार्डच्या खांद्यावरून आत पाह्यलं. खाटेवर समीक्षा होती, हाताले सलाईन. बाजूले स्टुलावर बसून तिचा हात हातात घेऊन, तिच्या कपाळावरचे केस मागं करून राह्यली होती माही बायको. सुरभी! आष्टीवरून आली होती. एकच बाई आत जाऊ शकते, अन् ते एक बाई माह्या बहिणीनं मायले सोडून तिले निवडली होती.

समीक्षा माह्याकडे पाहून राह्यली होती काचेतून. मी हात केला, का बाहेर ये, नाईतर मले घे आत. तिनं तोंड सुरभीच्या पदरात लपवलं.

मंग मी काचेवर मूठ मारली. काच गेली. हात आत गेला अन् बाहेर वढतानी मनगटापासून फाटला. माहं रक्त दरवाज्यावर, गार्डच्या कपड्यावर, सगळीकडे. मी वरडून राह्यलो होतो, "समीक्षा! बाहेर नीघ! सुरभी, सोड तिले!" आतल्या साऱ्या बाया वरडून राह्यल्या होत्या, लेकरं रडून राह्यले होते. गार्डनं कंबर धरली. मी त्याच्या तोंडावर कोपर मारलं. तवा धनंजय उठला. त्या प्लास्टरच्या हातानं त्यानं मागून माही मान आवळली अन् मले खाली पाडलं. पहिल्यांदा त्यानं माह्यावर हात उचलला. कानाजवळ रडून राह्यला होता तो, "बस करा भाऊ, मरन ते, बस करा."

नर्स बाहेर आली. आवाज मोठा. "बाहेर काढा याला! ह्याच्या आवाजानं तिचं बीपी चढतंय, झटका येईल तिला!"

पोलीस आले. हवालदारानं विचारलं, "तू कोण तिचा?"

"भाऊ हावो. सख्खा. माहेरचं बाळंतपण हाये, हक्क हाये माहा. आत विचारा तिले."

हवालदारानं नर्सले म्हटलं, विचारून या बरं. नर्स आत गेली. मी वरडणं थांबवलं. मले खात्री होती. लहानपणी तिले शाळेत कोणी चिडवलं का मी जाऊन त्या पोट्ट्याचे दात पाडत होतो. ते विसरणार नाई ते.

नर्स परत आली. माह्याकडे पाह्यलं नाई तिनं. हवालदाराले म्हणे, "पेशंट म्हणते, मला भाऊ नाही."

"नीट विचारलं का?"

"दोनदा विचारलं."

मले उचलून नेलं. मी हातपाय झाडले का नाई, आठवत नाई.

१४ फेब्रुवारी

मुलगी झाली. सिझर झालं, दोघी बऱ्या हायेत, खर्च लागला नाई. हे मले हवालदारानं सांगतलं काल, हजेरी लावाले गेलो तवा. भाच्ची झाली हे मामाले हवालदारानं सांगाव!

आज मायचा फोन आला. मी म्हटलं, "माय, बाळंतिणीले घेऊन कधी येतं? मी खोली सारवून घेतो. डिंक, खोबरं, सगळं आणतो."

"येत नाई आम्ही."

"जामले चालले का मंग?"

"आष्टीले. सुरभीच्या माहेरी. सव्वा महिना तिथंच राहू. मीही जाऊन राह्यली संग."

"बाळंतीण वहिनीच्या माहेरी? लोकं तोंडात शेण घालतीन माय! माहं घर मेलं का?"

माय म्हणे, "रोशन, तिनं सरकारी काऊन धरलं, तुले अजून नाई समजलं का रे? पैशासाठी नाई धरलं. नवऱ्याच्या भेवानंही नाई. त्यानं तं उभ्या जन्मात तिले बोट लावलं नाई. तिथं तू आत येऊ शकत नव्हता, म्हणून धरलं. तुह्या सेमीत तू रातदिवस बाकावर बसला असता."

"तिच्या दंडावर…"

"तूच तं धरलता बापा. मी उभी होती ना तिथं."

फोन भिंतीवर फेकला. फुटला. मंग खाली बसून तुकडे वेचले, डाव्या हातानं. माय खोटं बोलते. मी बसवलं होतं फक्त. बसवल्यानं कुठं बोटं उमटतात? मी आपल्या हाताकडे पाहत राह्यलो. टाके घातलेला हात हाये, सुजेल, त्याच्यावरून काई समजत नाई.

घरात आवाजच नाई. एवढं चूप मी हे घर कधी पाह्यलं नव्हतं. मी असलो का सगळे चूप राहत होते, पण ते चूप अलग होतं. मले रडू येऊन राह्यलं अन् रागही येऊन राह्यला, अन् माराले कोणी नाई.

पोट्टी कोणावर गेली कोण जाणे. काळी का गोरी, केस किती, कोणी सांगतलं नाई. केस असतीनच, आमच्या घरी सगळ्यायले जन्मतःच दाट केस राहतात. वर्षभरात तिचं जावळ काढा लागन. जावळ मामाच्या मांडीवरच काढतात, बाप चालत नाई, आजा चालत नाई. तिले माह्याशिवाय दुसरा मामा नाई. तवा तं बोलवाच लागन त्यायले मले. नाईतर कोणाच्या मांडीवर बसवतीन तिले?